सोमवार कुणी दिला?

हे मी आजवर कुणापुढे उघडं केलेलं नाही. बायकोपुढे नाही, चळवळीतल्या सोबत्यांपुढे नाही, ज्या म्हाताऱ्या गुरुजींनी मला पहिलं पत्रक लिहायला शिकवलं त्यांच्यापुढेही नाही. मग तुम्हालाच का? — तुम्ही माझी पुस्तिका वाचली असेल म्हणून. 'गट कसा चालवावा'. पिवळ्या कव्हराची, बारीक टायपातली. कदाचित माझ्या शिबिरालाही येऊन गेला असाल. मांडी घालून बसला असाल, आणि मी सांगितलेलं वहीत उतरवून घेतलं असेल.

त्यातला चौथा नियम लोकांना फार आवडतो. 'मुदत वरून लादू नये. ती काम करणाऱ्याच्याच तोंडून वदवून घ्यावी, आणि लिहून ठेवावी. स्वतः दिलेली मुदत माणसाला मोडता येत नाही.' फळ्यावर हे लिहिलं की पेन्सिली चालू लागतात. मागच्या शिबिरात वाशिंदकडच्या एका कारखान्यातला फोरमन उभा राहिला आणि म्हणाला, ह्या एका नियमानं माझं खातं सुधारलं. टाळ्या पडल्या. मी हात जोडले. त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे काय होतं हे त्या भल्या माणसाला दिसलं असतं, तर त्याने हातातली वही माझ्या तोंडावर फेकली असती.

हा नियम कुठून आला? पुस्तिकेत लिहिलंय — 'अनुभवातून'. खरंच आहे. फक्त कुणाच्या अनुभवातून, ते लिहिलेलं नाही.

महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं अजून. मी बावीस वर्षांचा होतो. शहापुरात एका छापखान्याच्या माळ्यावर राहायचो आणि जंगलच्या ठेकेदारांविरुद्ध पत्रकं लिहायचो. 'बंधूंनो, जागे व्हा' — असली. मला राग येत असे, खरा राग. ठेकेदाराचा मुकादम माणसाला झाडाला बांधतो हे ऐकून मला जेवण जात नसे. पण कुऱ्हाड मी जन्मात उचलली नव्हती, आणि ज्यांना बंधू म्हणत होतो त्यांच्यातल्या एकाच्याही झोपडीत पाणी प्यायलो नव्हतो.

मग जंगल कामगारांची सोसायटी निघाली. ठेकेदार गेला. मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी जंगलाचा एक तुकडा सोसायटीला मिळाला. झाडं तोडायची, कोळसा पाडायचा, सगळं आपलं आपण. जो सभासद त्याला काम, आणि जंगलात झोपडी घालायला जागा. जो सभासद नाही त्याने वाट धरायची. लिहिता येणारा माणूस हवा होता, म्हणून मला सेक्रेटरी केलं. तिथे जाण्याआधी दहा दिवसांचं शिक्षण झालं — हजेरी, मुदत, अहवाल. हे तीन शब्द आणि दोन कोऱ्या वह्या घेऊन मी चाळीस माणसांचा पुढारी म्हणून जंगलात गेलो.

तिथे गोमा होता.

गोमा कातकरी. पन्नाशीचा असेल, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. बारीक, काटक, डोळे धुराने कायमचे लाल. कोळशाची भट्टी लावावी तर त्यानेच, म्हणून भट्टीचा गटप्रमुखही तोच. ऐनाची, धावड्याची लाकडं गोल उभी रचायची, वरून पालापाचोळा, त्यावर ओल्या मातीचा जाड लेप. आत विस्तव सोडायचा आणि बुडाशी ठेवलेल्या भोकांतून धूर बघत बसायचं. लाकूड जळता कामा नये, नुसतं भाजायला हवं. वारा जास्त गेला तर राख. कमी गेला तर कच्चं लाकूड. गोमा दिवसातून कितीदा तरी भट्टीभोवती फिरे, मातीला उलटा हात लावी, धुरात नाक घाली, एखादं भोक बुजवी, एखादं उकरी. विचारलं तर एकच उत्तर — "धूर सांगल."

आणि एक गोष्ट. भट्टी अमुक वारी उघडणार असं भट्टीवरचा माणूस कधी बोलत नाही. तसा रिवाजच नाही. कुणी विचारलंच, तर त्याची टर उडवतात. पाणी आणणाऱ्या बाईने विचारावं, "कवा उघडायची रे?" आणि कुणीतरी ओरडावं, "तुझा नवरा शाना होल त्या दिशी!" मग सगळे खिदळणार. म्हणजे भट्टीवर वार सांगणं हीच मुळी थट्टा. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. एवढं ध्यानात ठेवा. पुढे मी जे केलं ते अजाणपणे केलं, असं मला म्हणता येणार नाही.

पत्रकात मी त्याला बंधू म्हटलं होतं. समोर मात्र 'ए गोमा' म्हणायचो, तो बापाच्या वयाचा असून. तोही मला अरे-तुरेच करी, पण त्याच्या बोलण्यात सगळ्यांनाच अरे-तुरे होतं, देवालाही. माझं नाव त्याने कागद्या ठेवलं होतं. मी वही घेऊन दिसलो की तो दुरून हाळी देई, "कागद्या आला रे! धूर कोंडा, नायतर तो बी लिवून घेल!" माणसं हसत. मीही हसायचो. आणि प्रत्येक हसू आत कुठेतरी मोजून ठेवायचो. तुम्ही कधी असं केलंय? आपल्याला हसणाऱ्या माणसाबरोबर हसत त्याच्यासाठी जागा हेरून ठेवलीय?

जागा लवकरच मिळाली. सोसायटीची पहिली भट्टी लागली आणि मी ठाण्याला पत्रं धाडली. मोठी माणसं बघायला यावीत. ठेकेदाराशिवाय, मुकादमाशिवाय, कामगारांनी स्वतः पाडलेला कोळसा! येत्या सोमवारी पाहुण्यांसमोर भट्टी उघडण्यात येईल, असं मी पत्रकात छापूनही टाकलं. कुणाला विचारून? कुणालाच नाही. सोमवार पाहुण्यांना सोयीचा होता. पाहुणे सोमवारी येणार, हे तोवर जंगलात सगळ्यांच्या कानावर गेलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी, उजेड असताना, मी सभा घेतली. त्या दहा दिवसांत शिकवली होती तशीच, गोल बसवून. तोडणाऱ्यांनी मुदत सांगितली, गाडीवाल्यांनी सांगितली. मग मी म्हणालो, गोमा, भट्टी कधी?

"धूर सांगल."

मी म्हणालो, धूर सोसायटीचा सभासद नाही.

हे वाक्य मला सुचलं याचा मला केवढा आनंद झाला होता! काही माणसं हसली. मग मी त्याला उभं राहायला सांगितलं. तो उभा राहिला. मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. मी म्हणालो, ठेकेदाराच्या काठीखाली बरोबर कोळसा पडत होता ना? आता काठी नाही, तर धूर आडवा येतो? तुला येतं की येत नाही, एकदा सांग सगळ्यांना. येत नसेल तर तसं लिहितो. — तो उभाच. चाळीस माणसं जमिनीकडे बघत होती. त्याची बायको सोनी बायकांत बसली होती, ती पदराचं टोक पिळत होती. मी तिसऱ्यांदा विचारलं. चौथ्यांदा विचारलं. तो मुदत देईपर्यंत त्याला बसू द्यायचं नाही, असं मी ठरवलंच होतं. मला वाटत होतं मी गटाला शिस्त लावतोय. नाही — तेही खोटंच. मला बरं वाटत होतं. एवढंच होतं ते.

शेवटी त्याने मान खाजवली. सगळ्यांकडे एकदा बघितलं, आणि त्याच्या तोंडावर ते नेहमीचं मिश्किल हसू आलं.

"बरं रे भाव, लिव. सोमवार लिव. दुपारच्या जेवनाला बसायच्या टायमाला. धुराला पन घेऊन येतो उद्या, अंगठा मारायला!"

सभा फुटली. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. कोंडलेला श्वास सुटावा तशी. सोनीने पदर तोंडाला लावला. आणि मी? मीही हसलो. मांडीवर थाप मारून हसलो. मस्तच बोलला होता तो. त्याने मला, स्वतःला आणि सभेला, सगळ्यांनाच त्या अवघड जागेतून मोकळं केलं होतं. पुढारीपण म्हणतात ते हेच नाही का? मला ते दहा दिवसांत शिकवलं नव्हतं, आणि त्याला कुणीच कधी शिकवलं नव्हतं.

हसता हसता मी वहीत लिहिलं — 'भट्टी पहिली. मुदत सोमवार. दिली : गोमा, गटप्रमुख.'

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला तो नेहमीसारखा आला. त्याला रोज अंगठा उठवायची सवय होती. मी हजेरीची वही पुढे केली, मग तिच्याखालची मुदतीची. त्याने दोन्हीवर अंगठा उठवला. काय आहे, असं विचारलंही नाही. आपल्या सोसायटीची वही, त्यात काय विचारायचं?

सोमवारी पाहुणे आले. दोन जीपगाड्या. पांढरे कपडे, टोप्या, एकाच्या गळ्यात कॅमेरा. गोमा सकाळपासून भट्टीजवळ होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "उगवतीकडं धूर अजून दाट हाय रे. आतमंदी जागी हाय ती. दोन दिस बुजवून ठेवली पायजे, मंग थंड व्हायला अजून."

मी पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, मुदत तूच दिलीस ना?

तो हसला. त्याला वाटलं मी गुरुवारची थट्टा पुढे चालवतोय. "व्हय, व्हय, धूर अंगठा मारायला नाय आला अजून," म्हणाला. पाहुण्यांकडेही बघून हसला, त्यांनाही गंमत कळावी म्हणून. मग त्याला माझं तोंड दिसलं. तो हसायचा थांबला. तो क्षण मला अजून दिसतो — त्याला कळलं होतं. मी मस्करी करत नाहीये, आणि गुरुवारी तो जे बोलला ते आता त्याचं राहिलेलं नाही.

मी फावडेवाल्यांना म्हणालो, उघडा.

ते गोमाकडे बघू लागले. मी पुन्हा म्हणालो, सेक्रेटरी कोण आहे?

त्यांनी उघडली. एका बाजूची माती ओढली आणि वारा आत शिरला. मोठा आवाज झाला, कुणीतरी आत ढेकर द्यावी तसा, आणि त्या भगदाडातून आग बाहेर आली. पाहुणे मागे सरले. कॅमेरावाल्याची टोपी पडली. गोमा ओरडला, "माती! वल्ली माती घाला!" आणि स्वतः पाटी घेऊन भट्टीवर चढला, वरचं तडकलेलं बुजवायला. कुणाची भट्टी वाचवत होता तो? चौथ्या की पाचव्या पावलाला वरची माती खचली. त्याचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला.

सोनीने ओढलं त्याला. फावडेवाल्यांनी ओढलं. मी नाही.

पाय कसा दिसत होता ते मी लिहिणार नाही. मला लिहिता येत नाही म्हणून नव्हे. पत्रकात असलं वर्णन मी कितीदा केलंय, दुसऱ्यांच्या पापांचं, आणि हात कधी अडला नाही.

दोन जीपगाड्या उभ्या होत्या. मुरबाडचा दवाखाना जीपने किती लांब होता? फार नाही. मला फक्त म्हणायचं होतं, साहेब, गाडी द्या. पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम होता, आणि मला त्यांच्यापुढे आणखी ओशाळं व्हायचं नव्हतं. मी त्यांना जीपपर्यंत पोचवायला गेलो. झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी बोललो. गोमाला बैलगाडीतून नेलं. गाडीवान नंतर म्हणाला, वाटभर तो भट्टीचंच विचारत होता, विझली का.

संध्याकाळी मी अहवाल लिहिला. 'गटप्रमुखाने मुदत स्वतः दिली होती. भट्टी तयार नसल्याची लेखी सूचना त्याजकडून मिळाली नाही.' लेखी! ज्याला स्वतःचं नाव गिरवता येत नाही त्याच्याकडून. पण त्यातला एक शब्द तरी खोटा होता का? काढून दाखवा. मी तेव्हा दर ओळीशी थांबून हेच बघत होतो. पत्रकं लिहून लिहून एवढं मात्र आलं होतं मला.

महिना-सव्वा महिन्याने सोसायटीची सभा झाली. भट्टी गेली, पाहुण्यांपुढे नाचक्की झाली, जबाबदार कोण? चेअरमन धसईकडचे एक म्हातारे ठाकर होते. स्वभावाने गरीब माणूस, कागदाला फार भिणारा. गोमा सोनीच्या खांद्यावर भार टाकून आला. पाय चिंध्यांत गुंडाळलेला, खाली टेकत नव्हता. त्याला उभं राहू नको म्हणाले, तेव्हा तो खाली बसला आणि पाय पुढे लांब करून ठेवला. सभाभर तो पाय मध्ये होता.

मी वही उघडून अंगठा दाखवला. चेअरमननी एकेकाला विचारलं, "गोमानं सोमवार म्हनला का नाय?"

म्हनला, म्हणाले.

फावडेवाल्यांतला एक जण म्हणाला, "म्हनला, पन तो—"

मी म्हणालो, हो की नाही, एवढंच सांगायचं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "व्हय."

तेव्हा गोमा बोलला. मोठ्याने नाही. "हसन्यावारी बोललो मी. भट्टीचा वार कोनी सांगतं का? समद्यांस्नी ठावं हाय. समदे हसले. हा भाव पन हसला. त्यालाच इचारा ना."

चेअरमन माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली — मी हो म्हणावं म्हणून ते जवळजवळ वाट बघत होते. "हसला व्हतास का रे तू?"

आता सांगतो. ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते हे. सगळी सभा माझ्याकडे बघत होती, आणि 'हो' हा एक शब्द पुरे होता. मी हो म्हणालो असतो तर तो सभासद राहिला असता. काम राहिलं असतं, झोपडी राहिली असती. भट्टीजवळ बसून नुसतं सांगायला पाय लागत नाही, डोळे लागतात. ते त्याचे शाबूत होते. आणि माझं काय गेलं असतं? फार तर सेक्रेटरीपद.

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

सोनी उठली. "नाय आठवत? मांडी बडवून हसलास रे मेल्या! माझ्या म्होरं हसलास!"

मी चेअरमनना म्हणालो, "त्या सभासद नाहीत. त्यांचं बोलणं नोंदवता येणार नाही." हो, 'त्या' म्हणालो. तिला आदराने बोललो तो त्या जंगलातला पहिला आणि शेवटचा प्रसंग.

हात वर करायला सांगितलं. आधी दोन झाले, मग दहा, मग सगळे. गोमाच्या मेव्हण्याचाही. त्याने हात वर केला आणि तोंड फिरवलं. मी हात मोजले आणि लिहिलं — 'सभासदत्व रद्द, ठराव एकमताने मंजूर.' आठ दिवसांत झोपडी उठली. चूल, मडकी, कोंबड्या, आणि एका पायावर माणूस.

पुढच्या हंगामात काय झालं ते पुस्तिकेत 'शिस्त' ह्या प्रकरणात आहे. विचारताक्षणी माणसं मुदत देऊ लागली. मी बुधवार म्हणायच्या आत 'बुधवार' म्हणायची. कुणी थट्टा करेना, कुणी मला नाव ठेवेना. भट्ट्या ठरल्या वारी उघडायच्या आणि आतून कधी राख निघायची, कधी कच्चं लाकूड. धूर दाट आहे हे चाळीस जणांना दिसत असे. मला कुणी सांगत नसे. मी अहवालात लिहायचो — मुदती शंभर टक्के पाळल्या. त्यावर मला शाबासकी मिळाली. मग शहापूरला बदली, मग शिबिरं.

तुम्ही मुदत घेता तेव्हा समोरचा माणूस कसा उभा असतो हे बघता का? — नको, विचारत नाही. मला काही शिकवायचं नाहीये आता.

गोमा तिसऱ्या वर्षी वारला. कसाऱ्याकडे, सोनीच्या भावकीत. पायाची जखम बरी झालीच नाही, आत चिघळत राहिली. निरोप मला शिबिरात मिळाला, कागदाच्या चिठोऱ्यावर. त्या फावडेवाल्यानेच कुणाकडून तरी लिहवून धाडला होता. मला का धाडला, ठाऊक नाही. मी तेव्हा फळ्यापाशी होतो, समोर तीसेक माणसं होती. मी चिठोरा वाचला, घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवला. एकाने विचारलं, काही वाईट बातमी आहे का साहेब?

मी म्हणालो, नाही. आणि पुढचा मुद्दा लिहायला घेतला.